इंजिन रहिमतपुरात होतं

आमच्या घरमालकांच्या गॅरेजमध्ये एक बुलेट होती आणि तिला इंजिन नव्हतं. बाकी सगळं होतं. टाकी इतकी लखलखीत, की तिच्यात बघून भांग पाडावा. मडगार्ड काळेभोर, चाकाची तार न् तार पुसलेली, सीटवर नवं रेक्झिन. फक्त मधोमध, जिथं इंजिन असायला हवं तिथं, तागडीची जुनी लोखंडी वजनं जाड तारेनं बांधून टांगलेली होती. वीस किलोची दोन, दहाचं एक, पाचाचं एक. मी आणि माझा नवरा वरची जागा भाड्यानं बघायला गेलो होतो, पण जागेपेक्षा जास्त वेळ मी त्या वजनांकडेच बघत उभी राहिले.

"ही कशाला?" शेवटी न राहवून मी विचारलं.

"इंजिनाचं वजन तेवढंच हुतं," ते म्हणाले. "गाडीची वजनाची सवय मोडाय नको."

"आणि इंजिन?"

"हाय की. रहिमतपुरात हाय."

रहिमतपूर म्हणजे सातारा जिल्ह्यात, सांगलीहून आगगाडीनं अडीच-तीन तास. इंजिन शेजारच्या खोलीत ठेवलंय अशा सुरात त्यांनी ते सांगितलं आणि नळाला पाणी किती वाजता येतं या विषयाकडे वळले. जागा आम्ही घेतली. खरं सांगायचं तर मी ती त्या वजनांपायी घेतली. नवऱ्याला सांगितलं, हवा चांगली येते.

अख्खी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. हळदीची अडत मुलाच्या हाती सोपवून ते मोकळे झाले होते. पांढरा पायजमा, पांढरी बंडी, आणि दिवसभर गॅरेजमध्ये बसूनही कपड्यांवर डाग नाही. मला ते अक्का म्हणत. मी त्यांच्यापेक्षा चांगली पस्तीस वर्षांनी लहान, पण त्यांच्या तोंडी अक्काच. पहिले काही दिवस मला उगाचच पिकल्यासारखं वाटायचं, मग आवडायला लागलं.

अण्णांच्या घरी कापडातून गाळल्याशिवाय पाणी कुणाच्या ओठाला लागत नसे. जैनाच्या घरात त्यात नवल काही नाही. पण अण्णांचं गाळणं पाण्यापाशी थांबत नसे. ते ऑइल गाळत, रॉकेल गाळत, रंगात घालायचं टर्पेंटाइन गाळत. एकदा माझी स्कूटर अडून बसली. दोन मेकॅनिक हात टेकून गेले. अण्णांनी टाकी रिकामी केली, सगळं पेट्रोल दुहेरी मलमलीतून गाळलं आणि फडक्यावरचा चिमूटभर गाळ माझ्यासमोर धरला.

"हे तुमी रोज तिला पाजताय," म्हणाले.

मला त्या स्कूटरची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पेट्रोल परत भरल्यावर पहिल्या किकला ती सुरू झाली, हेही सांगायला हवं.

दिवस मावळला की गॅरेज बंद. दिवा लावला की पाखरं येतात, ओल्या रंगाला चिकटून मरतात, म्हणून दिवा नाहीच. पावसाळ्यात किड्यामुंग्या फार, म्हणून पावसाळ्यात काम निम्म्यावर. टाकीवरच्या सोनेरी रेघा मारायला बाजारात ब्रश मिळतो, पण तो जनावराच्या केसांचा. अण्णांनी घायपाताचं पान ठेचून, त्याचे दोरे काढून स्वतःचा ब्रश बांधला. एका दिवसात वीतभर रेघ. ती मारताना ते श्वास धरून बसायचे आणि मी जिन्यावरून बघताना मीही. एकदा ओल्या रेघेवर एक मुंगी चढली. अण्णांनी ब्रश खाली ठेवला आणि ती पार होईपर्यंत मांडी घालून बसून राहिले. तिच्या पायांची बारीक नक्षी रेघेत उमटली. मी म्हटलं, पुसून परत मारा.

"ऱ्हाऊ द्या. तिनं बी काम केलंय."

ती नक्षी शेवटपर्यंत तशीच राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला अण्णा टाकीपेक्षा आधी ती दाखवायचे.

कधी पूर्ण होणार गाडी, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "गाडीला घाई न्हाई." माझा नवरा म्हणायचा, या माणसाला गाडी पूर्ण करायचीच नाहीये. गल्लीचंही तेच मत होतं. म्हातारा भला आहे, पण एक आटा ढिला आहे, आणि तोच नेमका त्याला सापडत नाही. मीही या थट्टेत सामील होते. मग माझी बँकेतली बदली कोरेगावला झाली.

सोमवारी पहाटेच्या पॅसेंजरनं जायचं, तिथं मावशीकडे राहायचं, शनिवारी परत यायचं. हे कळल्यावर अण्णा पहिल्यांदाच जिना चढून वर आले. चहा नको म्हणाले. बराच वेळ कॅलेंडरकडे बघत बसले.

"अक्का, तुमची आगगाडी रहिमतपूरला थांबती न्हवं?"

"थांबते. दोन मिनिटं."

"तितं फलाटावर दर सोमवारी एक माणूस येतो. चहाच्या टपरीपाशी बसतो. उंच, पांढऱ्या मिशा. मिलिटरीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालाय. बाजाराची मानसं सांगत असत्यात मला. त्याला बघायचं."

"आणि निरोप काय?"

"निरोप काय न्हाई. ताठ चालतो का वाकलाय, एवढं बघून मला सांगायचं."

बदलीनं वैतागलेल्या बाईला असलं काम सांगणं म्हणजे कमालच. पण सोमवारी रहिमतपूर आलं तेव्हा मी खिडकीशी होते. टपरीपाशी एक उंच म्हातारा परेडला उभा राहावा तसा चहा पीत उभा होता. शनिवारी घरी आले तर अण्णा फाटकातच.

"ताठ," मी सांगितलं.

"बरं," म्हणाले आणि गॅरेजमध्ये गेले. पुढं पाच-सहा आठवडे हेच चाललं. ताठ. ताठ. एकदा मी म्हटलं, ताठ, पण जरा खोकत होते. अण्णांच्या हातातला पाना खाली आला.

"कोरडा का कफाचा?"

"अण्णा, आगगाडी सुटली होती!"

त्या शनिवारी त्यांनी कामाला हात लावला नाही.

सुभेदार काही आंधळे नव्हते. एका सोमवारी ते तडक माझ्या खिडकीशी आले. "काय गं पोरी, दर आठवड्याला मला काय न्याहाळतीस? सांगलीसनं धाडलंय व्हय कुणी?"

मी चाचरले. खरं काय ते माझ्या तोंडावरच लिहिलेलं असणार. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"मग त्याला सांग, इंजिन ठणठणीत हाय. मी बी."

आणि आगगाडी हलली. त्यानंतर दर सोमवारी दोन मिनिटं ते खिडकीशी येऊन उभे राहू लागले, आणि पंचेचाळीस वर्षांहून जुनी गोष्ट मला दोन-दोन मिनिटांच्या हप्त्यांनी कळत गेली. एका सोमवारी ती लग्नाच्या मुहूर्तापर्यंत आली आणि शिट्टी झाली, तेव्हा आठवडाभर मला चैन पडलं नाही.

गोष्ट अशी होती. दोघं सांगलीला कॉलेजात होते. लष्कराच्या लिलावातून दोघांनी मिळून ती बुलेट घेतली, निम्मी-निम्मी. मग एक फौजेत गेला, एक हळदीत. गाडी सांगलीत अण्णांकडे राहिली. फौजेतल्याचं लग्न ठरलं, थोड्या दिवसांची रजा मिळाली. ठरलं असं, की अण्णांनी सांगलीहून बुलेट घेऊन यायची आणि नवरदेवाची वरात बुलेटवरून काढायची. रहिमतपुरात तोपर्यंत अशी वरात कुणी पाहिली नव्हती. गावाला सांगून झालं होतं.

अण्णा सकाळीच निघाले. मसूरच्या पुढं एक कुत्र्याचं पिल्लू चाकाखाली आलं. ते लगेच मेलं नाही. अण्णा त्याच्याजवळ बसले, ओंजळीनं पाणी पाजत राहिले. ते मेल्यावर शेताच्या बांधाला खड्डा करून पुरलं. आणि मग त्यांना त्या गाडीवर बसवेना. म्हणून ती धुडासारखी गाडी मसूरपासून रहिमतपुरापर्यंत त्यांनी ढकलत नेली. पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, वरात बैलगाडीतूनच उरकली होती आणि शेवटची पंगत उठत होती.

नवरदेवानं भर मांडवात विचारलं, "कुत्रं मोठं का दोस्त मोठा?"

अण्णांनी उत्तर दिलं, "त्या टायमाला कुत्रं मोठं हुतं. ते मरत हुतं, तू लगीन करत हुतास."

हे वाक्य मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोघांच्याही सांगण्यात शब्दाचा फरक नव्हता.

आमच्या भागात भांडण झालं की वाटणी होते. जमीन वाटतात, विहिरीच्या पाळ्या वाटतात, आंब्याच्या झाडाच्या फांद्यासुद्धा वाटलेल्या मी पाहिल्या आहेत. या दोघांनी मोटारसायकल वाटली. रजा संपायच्या आधी सुभेदार सांगलीला आले, अण्णांच्या अंगणात बसून त्यांनी इंजिन उतरवलं, गोणपाटात गुंडाळलं आणि रेल्वेत टाकून घेऊन गेले.

"आणि तुम्ही काय केलंत?" मी अण्णांना विचारलं.

"मी पाने देत हुतो. त्याला कुठला पाना लागंल ते त्याला कुठं ठावं?"

एका सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम रहिमतपूरला उतरले. सुभेदारांच्या उसाच्या कडेला पत्र्याची शेड होती. आत लाकडी घोड्यावर इंजिन, त्यावर फौजेतली घोंगडी. दर रविवारी ते घोंगडी काढायचे, बंदूक साफ करावी तसं इंजिन पुसायचे आणि जाम होऊ नये म्हणून हातानं किक दाबून फिरवायचे. त्याची झाकणं अण्णांच्या टाकीइतकीच चकाकत होती. मला हसू येईना. शंभराच्या आत-बाहेर किलोमीटरवर दोन म्हातारे एकाच गाडीची आपापली निम्मी बाजू पुसत बसले होते.

काकी, म्हणजे सुभेदारांच्या मिसेस, चहा घेऊन आल्या. "माझ्या लग्नात मोडली यांची दोस्ती," म्हणाल्या. "जलमभर मलाच वंगाळ वाटत आलंय. मी काय केलं हुतं गं?"

मी सुभेदारांना सरळ विचारलं, "मग जोडून का टाकत नाही?"

"इंजिन म्हंजी जीव. कुडीनं जीवाकडं यावं. जीव कशाला हिंडंल?"

शनिवारी मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "इंजिन एका पोत्यात बसतं. अख्खी गाडी उचलून कुणी नेतं काय? ज्याचं लहान त्यानं यावं." दोघांची वयं मिळून दीडशेच्या घरात गेलेली, आणि भांडण हे असलं. मी कपाळाला हात लावला.

मग एके दिवशी अण्णांनी गॅरेजमध्ये मला बसायला पाट दिला. असं ते कधी करत नसत.

"अक्का, आषाढात महाराज चातुर्मासाला येणार हायत. त्यांच्यासमोर मी नियम घेणार. वाहनाचा."

मला कळायला वेळ लागला. जैन मुनी आयुष्यभर पायीच चालतात. घरातलं वयस्क माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडत जातं, कुणी हिरवी भाजी, कुणी अंथरूण. अण्णा वाहन सोडणार होते. एकदा नियम घेतला की ना रिक्षा, ना मोटार, ना आगगाडी. मरेपर्यंत पायी.

"मग ही गाडी?" मी विचारलं.

त्यांनी वजनांकडे बघितलं. "एकदा बसायचं हुतं. त्याला मागं घिऊन. त्याची वरात ऱ्हायलीय." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या कानावर पडलं ते वाक्य: "गाडीला न्हाई, पण आता मला घाई हाय."

मला रडू आलं ते मी जिन्यात उरकून घेतलं. सोमवारी सगळं सुभेदारांना सांगितलं, नियम, चातुर्मास, वरात, सगळं. आगगाडी सुटली तेव्हा ते वळून टपरीकडे चालायला लागले. त्यांची पाठ मला पहिल्यांदा जराशी वाकल्यासारखी वाटली. शनिवारी ते मी अण्णांना सांगितलं नाही.

नियमाला चार दिवस उरले असताना आमच्या फाटकात एक छोटा टेम्पो उभा राहिला. मागं घोंगडीत गुंडाळलेलं इंजिन, पुढं ड्रायव्हरशेजारी सुभेदार. मी रजेवर होते, जिन्यात आले. अण्णा गॅरेजच्या दारात.

"मी तुझ्याकडं न्हाई आलो," सुभेदार उतरता उतरताच म्हणाले. "इंजिन गाडीकडं आलंय. ते एकटं कसं यील?"

"व्हय. बराबर," अण्णा म्हणाले. "वजनं सोडतो थांब."

पहिला अख्खा दिवस त्यांच्यात दुसरं बोलणंच झालं नाही. "पाना." "धर." "चिंधी." "घे." सुभेदार बसवायचे, अण्णा पाने द्यायचे. नेमका हवा तो पाना मागण्याआधी हातात यायचा. दुपारी मी चहा नेला तर एक म्हातारा उताणा झोपून बोल्ट आवळत होता आणि दुसरा त्याच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून पुठ्ठा धरून बसला होता. दोघंही आपण काही विशेष करतोय असं दाखवत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी फक्त सायलेन्सर राहिला. उद्याचा एक दिवस मोकळा, परवा नियम. सायलेन्सर भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. अण्णांनी तो काढला, सवयीनं उन्हाकडे धरून आत डोकावून बघितलं आणि तसेच उभे राहिले.

"काय झालं?" सुभेदारांनी विचारलं.

"कुंभारीण."

कुंभारीण म्हणजे चिखलाचं घर बांधणारी माशी. भोक दिसेल तिथं ओल्या मातीचं घर करते, आत अंडी घालते आणि तोंड लिंपून टाकते. सायलेन्सरच्या नळीत तिचं ताजं घर होतं. गाडी सुरू केली असती तर गरम धुरानं आतली सगळी पिल्लं भाजून निघाली असती. काडीनं खरवडलं असतं तरी तेच.

मी सुभेदारांकडे बघितलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका पिल्लापायी सगळं मोडलं होतं, आणि आता डोळ्यांना धड दिसतही नाही अशा जिवासाठी पुन्हा मोडतंय, असं मला स्पष्ट दिसत होतं. मनात आलं, अण्णा, या एका वेळी डोळेझाक करा हो. कुणी बघत नाही.

"किती दिस लागतील तिला?" सुभेदारांनी विचारलं.

"पंधरा. ईस बी लागतील."

"आन तुझा नेम?"

"परवा."

सुभेदार उठले. त्यांचे गुडघे वाजले. त्यांनी अण्णांच्या हातातून सायलेन्सर घेतला. मला वाटलं आता आपटणार. त्यांनी तो दोन्ही हातांनी, पाळण्यातलं मूल ठेवावं तसा, भिंतीवरच्या खिळ्याला परत टांगला.

"सायलेन्सरबिगर बी गाडी पळती," म्हणाले. "कान बसत्याल. दुसरं काय हुतंय?"

अण्णा चष्मा काढून पुसायला लागले. ते चष्मा बराच वेळ पुसत राहिले, कारण मग सुभेदारच म्हणाले, "बास कर रं. काच जाईल."

गाळलेलं पेट्रोल भरलं. चौथ्या किकला ती सुरू झाली. सायलेन्सर नसलेल्या बुलेटचा आवाज काय असतो ते आमच्या गल्लीला त्या दिवशी कळलं. समोरच्या घरातली भांडी वाजली, बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले, पंडितजी पूजेचं ताट हातात घेऊन रस्त्यावर आले, आणि माझा नवरा वरून ओरडून काहीतरी विचारत होता ते मला अजून कळलेलं नाही. अण्णा पुढं बसले. सुभेदारांना काकींनी टेम्पोतून पाठवलेला फेटा मी आणून दिला. तो त्यांनी बांधला आणि मागं बसले. कृष्णेच्या पुलापर्यंत वरात गेली आणि परत आली.

वाटेत म्हणे एका ट्रॅफिक पोलिसानं अडवलं. सायलेन्सर कुठाय, विचारलं. अण्णांनी त्याला कुंभारणीची सगळी हकिकत सांगितली, किती दिवस लागतील तेही. पोलिसानं एकदा यांच्याकडे बघितलं, एकदा मागच्या फेट्याकडे. "आजोबा," म्हणाला, "सावकाश घरी जावा."

ठरल्या दिवशी अण्णांनी नियम घेतला. गाडी सुभेदारांना देऊन टाकली. कुंभारणीची पिल्लं उडून गेल्यावर सायलेन्सर माझ्याबरोबर आगगाडीनं रहिमतपूरला गेला. तो मांडीवर घेऊन बसलेल्या बाईकडे डब्यातली माणसं कशी बघत होती, ते सोडून देऊ.

नंतर दोन वर्षं दर रविवारी सकाळी अण्णांचा मोबाइल वाजायचा. पलीकडे सुभेदार शेडमध्ये गाडी सुरू करून फोन सायलेन्सरजवळ धरायचे. अण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि मग सांगायचे, चेन सैल झालीय, नाहीतर, ऑइल बदल. बोलणं एवढंच. पण ते झाल्याशिवाय अण्णांचा रविवार सुरू होत नसे.

एका रविवारी फोन आला नाही. दुपारी काकींचा आला. सुभेदारांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, दवाखान्यातून घरी सोडलं होतं. बोलता येत होतं, पण एकेक शब्द ओढून.

सोमवारी मी नेहमीसारखी कोरेगावला गेले. शनिवारी परतले तर फाटकात अण्णा नव्हते. त्यांचा मुलगा डोकं धरून बसला होता. "चालत निघाले ओ आज पहाटे. मी म्हटलं, मोटार काढतो, कुणाला कळणारे? माझ्याशी बोललेच नाहीत." अण्णा शहात्तर वर्षांचे होते. पाण्याची बाटली, गाळायचं फडकं आणि छत्री, एवढंच घेऊन गेले होते. मी नवऱ्याला घेऊन स्कूटरवर मागं गेले, गाठलं, हातापाया पडले. अण्णा चालायचे थांबले नाहीत. "महाराज ह्याच्यापेक्षा जास्त चालत्यात, अक्का," म्हणाले. "तुमी घरी जावा."

सोमवारी सकाळी आगगाडी ताकारीच्या अलीकडे एका फाटकावरून जात होती. बंद फाटकापलीकडे ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली आणि त्यांच्यात छत्री घेतलेली एक पांढरी आकृती. मी खिडकीतून हात बाहेर काढून ओरडले. त्यांना ऐकू गेलं नसणार. ते फाटक उघडायची वाट बघत रुळांकडे बघत उभे होते, सगळ्यांसारखे.

गुरुवारी मी अर्धा दिवस रजा टाकून रहिमतपूरला गेले. ओसरीत खाटेवर सुभेदार पडून होते. अंगणात, त्यांना दिसेल अशी, बुलेट उभी करून ठेवली होती. दुपार कलता कलता फाटक वाजलं. काकी उठल्या. "या भावजी," एवढंच म्हणाल्या आणि पायांवर घालायला पाणी आणायला आत पळाल्या. अण्णांच्या पायांना फडकी बांधलेली होती. ते खाटेशी येऊन बसले.

सुभेदारांचे ओठ हलले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता.

"वाटंत... कुत्रं... न्हाई आलं?"

"आलं हुतं," अण्णा म्हणाले. "मसूरच्या पुढंच. त्याला म्हणलं, बाबा, ह्या टायमाला मला जाऊ दे."

सुभेदारांच्या तोंडाची एक बाजू हसली. डोळे दोन्ही भरले. मग त्यांनी डावा हात कसाबसा उचलून गाडीकडे बोट केलं आणि परत खाली टाकला. उजवा पाय, किकचा पाय, चादरीखाली तसाच पडून होता.

अण्णा उठले. अंगणात गेले. सहा दिवस चाललेले ते पाय वाकवून, हात जमिनीला टेकून त्यांनी आधी सायलेन्सरमध्ये डोकावून बघितलं. मग उठून पेट्रोलची तोटी उघडली. मला भीती वाटली. इतका कडक माणूस, आणि आता दोस्तासाठी नियम मोडणार.

"अण्णा, तुमचा नियम!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मला एवढी साधी गोष्ट कळू नये याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

"अक्का, नियम बसायचा हाय," ते म्हणाले. "किक मारायचा न्हाई."

पहिल्या दोन किक वाया गेल्या. तिसरीला गाडी सुरू झाली. अण्णा हँडल धरून तिच्या बाजूला उभेच राहिले, न बसता, टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत. ओसरीत सुभेदार डोळे मिटून ऐकत होते.